मानाची रीत आणि समतेची नीती

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून सर्वश्रुत आहे. येथे येणाऱ्या भाविकास मंदिराच्या पाठीमागे असलेला नंदी दाखवून एक कथा हटकून सांगितली जाते. संत नामदेव मंदिरासमोर कीर्तन करीत असता पुजाऱ्यांनी त्यांना हरकत घेतली. ते शिंपी कुळातील असल्यामुळे त्यांना मंदिराच्या मागील बाजूस जाण्यास सांगण्यात आले. नामदेवांनी निमूटपणे मागे जाऊन कीर्तन आरंभले आणि देवळानेच आपले तोंड त्यांच्याकडे फिरविले, अशी ती कथा होय.

कथेतील चमत्कार हा श्रद्धेचा विषय आहे. तथापि या कथेने एक सामाजिक सत्य सातशे वर्षे जपून ठेवले आहे. नामदेवांना मागे धाडणाऱ्यांना आपण काही अन्याय करीत आहोत असे वाटले नसावे. ते केवळ रीत पाळीत होते. पुढे कोणी उभे राहावयाचे आणि मागे कोणी, हे आधीच ठरलेले होते. ज्यांना पुढची जागा जन्मतःच मिळाली होती, त्यांच्या दृष्टीने ती जागा नव्हतीच. तो जगाचा क्रम होता.

समाजशास्त्रज्ञ ज्यास विशेषाधिकार म्हणतात, त्यास ग्रामीण महाराष्ट्रात 'मान' असा सोपा शब्द आहे. पोळ्याला तोरणाखालून पहिला बैल कोणाचा जावयाचा, होळी कोणी पेटवावयाची, लग्नाच्या मांडवात पहिले पान कोणासमोर मांडावयाचे, हे सारे मानाने ठरते. यांतील काही मान निरुपद्रवी असतात आणि त्यांत गावाचा आनंदही असतो. परंतु जो मान जन्मावरून मिळतो आणि ज्याच्या पाठीमागे दुसऱ्याचा अवमान उभा असतो, तो मान लोकशाही राज्यात तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

एकाच व्यक्तीची तीन स्थाने

नामदेवांच्या चरित्रातील दोन अन्य प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहेत. हिंगोली तालुक्यातील कयाधू नदीकाठचे नरसी हे त्यांचे जन्मगाव मानले जाते. त्यांचा काळ इ. स. १२७० ते १३५० असा सांगतात. परंपरा अशी की, तेर येथे संतमंडळी जमली असता गोरोबा काकांनी कुंभाराच्या थापटण्याने प्रत्येकाचे मडके पारखले आणि नामदेवांचे मडके कच्चे निघाले. आपण विठ्ठलाचे लाडके, हा सूक्ष्म अभिमान त्यांच्या ठायी उरला होता. त्यानंतर ते औंढ्यास विसोबा खेचरांकडे गेले आणि देव सर्वत्र आहे, हा बोध त्यांना तेथे झाला.

दुसरी गोष्ट जनाबाईंची. गंगाखेडची ही मुलगी लहानपणीच नामदेवांच्या घरी आली आणि दळणकांडण, झाडलोट व पाणी भरणे ही कामे करीत वाढली. तिची अभंगरचना मराठी काव्याचे भूषण ठरली. परंतु तिची ओळख जन्मभर 'दासी' हीच राहिली.

म्हणजे देवळाच्या दारात ज्यांना मागे सारले गेले, तेच नामदेव संतांच्या मेळ्यात मानाचे धनी होते आणि स्वतःच्या घरात ते धन्याच्या जागी होते. अन्याय सोसणारा माणूस अन्य ठिकाणी, नकळत का होईना, मानाचा लाभ घेणारा असू शकतो. नामदेवांची थोरवी अशी की, त्यांनी आपले कच्चेपण मान्य केले आणि जनाबाईस संतमेळ्यात स्थान मिळाले. परंतु समाजातील सर्वच माणसांचे मडके असे कोणी पारखत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी याच वस्तुस्थितीस 'श्रेणीबद्ध विषमता' असे नाव दिले. समाजाचे केवळ वरचे आणि खालचे असे दोन भाग असते, तर खालचे सर्व एकत्र आले असते. परंतु उतरंडीतील प्रत्येक मडक्याखाली दुसरे मडके असते. त्यामुळे वरच्याचा जाच सोसणाऱ्यासही खालच्यावर मान गाजविण्याचे समाधान मिळते आणि उतरंड मोडण्याची त्याची इच्छा क्षीण होते.

जात, वर्ण आणि स्त्रीचे स्थान

ही उतरंड केवळ भारतातच आहे असे नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तो अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील सज्जनांना अर्पण केला. पुण्यात बसून अमेरिकेतील वर्णभेद आणि येथील जातिभेद यांचे नाते ओळखणारी ही दृष्टी होती. पुढे १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले. १९८८ साली पेगी मॅकिंटॉश या अमेरिकन अध्यापिकेने गौरवर्णीय म्हणून स्वतःला दररोज आपोआप मिळणाऱ्या सवलतींची यादीच मांडली. जे आपोआप मिळते ते दिसत नाही, म्हणून ते लिहून पाहावे लागते, हा त्या यादीचा अर्थ होता.

स्त्रियांच्या बाबतीत हे काम एका मराठी स्त्रीने त्याआधी शंभर वर्षे केले होते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ साली प्रसिद्ध झाले. सुरत येथील एका विधवेस भ्रूणहत्येबद्दल झालेली शिक्षा आणि त्यावरून वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर उठविलेली झोड, हे त्या लेखनाचे निमित्त होते. जे दोष स्त्रियांच्या माथी मारले जातात, ते पुरुषांत नसतात काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. एकच कृत्य पुरुषाने केल्यास दुर्लक्ष आणि स्त्रीने केल्यास बहिष्कार, या दुहेरी मापावर त्यांनी नेमके बोट ठेवले.

जात आणि स्त्रीचे दास्य हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हे डॉ. आंबेडकर यांनी १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवून दिले. जात टिकते ती जातीतल्या जातीत विवाह होतात म्हणून. ते बंधन टिकवावयाचे तर स्त्रीवर पहारा बसवावा लागतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथांचे मूळ त्यांनी तेथे शोधले. मुलीच्या पोशाखावर, फिरण्यावर आणि मैत्रीवर आजही गावोगावी जी नजर असते, तिचा उगम याच व्यवस्थेत आहे. घराण्याची अब्रू मुलीच्या हाती सोपविली जाते. घराण्याचा निर्णय मात्र तिच्या हाती दिला जात नाही.

वर्णाचा मोह तर भाषेतही उतरला आहे. ज्या महाराष्ट्राने सावळ्या विठ्ठलास आपले दैवत मानले, त्याच महाराष्ट्रात विवाहाच्या जाहिरातीत 'गोरी' वधू हवी असते आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात राजकन्येची भूमिका उजळ रंगाच्या मुलीकडे जाते. कोणी तसा नियम केलेला नाही. नियम नसतानाही जे घडते, तेच रीतीचे बळ होय.

कायदा झाला, रीत उरली

चोखामेळ्याच्या अस्थी नामदेवांनी मंगळवेढ्याहून आणून पंढरपूरच्या महाद्वारासमोर समाधी बांधली, अशी परंपरा आहे. तरीही चोखोबांच्या समाजबांधवांना त्या मंदिराचे दार खुले होण्यास १९४७ साल उजाडावे लागले. त्यासाठी साने गुरुजींना त्या वर्षीच्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावे लागले. संतांची शिकवण सहा शतके मुखोद्गत असूनही व्यवस्था आपसूक बदलली नाही, हा यातील धडा आहे.

२६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाने हे चित्र कायद्याने बदलले. चौदाव्या अनुच्छेदाने कायद्यापुढे सर्वांना समान केले. पंधराव्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली आणि विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांचा स्वतंत्र उल्लेख केला. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ चा कायदा, जो पुढे नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला, आणि अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखण्यासाठीचा १९८९ चा अधिनियम यांनी त्यास दंडशक्तीची जोड दिली. जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याच्या प्रथेविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियम केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला.

परंतु मान सोडताना मन किती दुखावते, याचा अनुभव मराठवाड्याने घेतला आहे. मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात अनेक गावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. नामविस्तार प्रत्यक्षात येण्यास १४ जानेवारी १९९४ हा दिवस यावा लागला. एका नावाने कोणाची जमीन जाणार नव्हती, कोणाची भाकरी कमी होणार नव्हती. धोक्यात आला होता तो केवळ मान. आणि त्यासाठी शेजाऱ्याने शेजाऱ्याचे घर पेटविले. मानाची किंमत कोण मोजतो, हे यावरून स्पष्ट होते.

वस्त्यांच्या नावांतही ही उतरंड गोठलेली होती. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावे बदलून समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. हा बदल कागदावर झाल्यानंतर तो बोलण्यात उतरविणे हे गावाचे काम आहे. पाटी नवी आणि तोंडी नाव जुनेच, अशी स्थिती राहिल्यास निर्णयाचा हेतू साध्य होत नाही.

सातबाऱ्यावरील नाव

स्त्रियांच्या बाबतीत मान आणि हक्क यांतील अंतर सर्वाधिक स्पष्ट दिसते ते जमिनीच्या नोंदीत. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात सुधारणा करून मुलीस वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाप्रमाणेच जन्मसिद्ध हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी हा हक्क जन्मानेच प्राप्त होतो, हे निःसंदिग्धपणे स्पष्ट केले. तरीही वडिलांच्या निधनानंतर वारसनोंदीपाठोपाठ हक्कसोडपत्राचा कागद बहिणीसमोर येतो. जी सही करते ती भावाची माया राखणारी. जी करीत नाही तिचे माहेर तुटते. कायद्याने दिलेला हक्क माहेरच्या साडीचोळीच्या मोबदल्यात परत घेतला जातो आणि त्यास प्रेम असे नाव मिळते. भावाला मात्र बहिणीच्या प्रेमाखातर आपला वाटा सोडण्यास कोणी सांगत नाही.

घराच्या बाबतीत मार्ग सोपा आहे. ग्रामपंचायतीच्या मिळकत नोंदवहीत, म्हणजे नमुना आठमध्ये, पती-पत्नी दोघांच्याही नावे घराची नोंद करता येते. त्यासाठी कोणाचे काही हिरावून घ्यावे लागत नाही. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आणखी एक निर्णय घेतला. त्यानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या शासकीय दस्तऐवजात आधी बालकाचे नाव, मग आईचे, त्यानंतर वडिलांचे आणि शेवटी आडनाव लिहिणे बंधनकारक झाले. शाळेच्या नोंदवहीत आईचे नाव हा यापुढे औपचारिक रकाना उरला नाही.

विधवा प्रथांच्या बाबतीत ग्रामसभेने राज्यास दिशा दाखविल्याचे उदाहरण आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून हा आदर्श अन्य ग्रामपंचायतींपुढे ठेवला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या प्रथा प्रत्यक्ष पार पाडणाऱ्या बहुधा स्त्रियाच असतात. सवाष्णीचा मान विधवेच्या अवमानावर उभा असतो. उतरंड स्त्रियांमध्येही असते ती अशी.

स्त्री आणि पुरुष यांपलीकडे

मान आणि अवमान यांचे सर्वांत विचित्र मिश्रण तृतीयपंथी व्यक्तींच्या वाट्याला आले आहे. देवाच्या नावाने जोगवा मागणाऱ्या जोगत्याच्या पाया पडणारा समाज त्याला घर भाड्याने देत नाही. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर महाराष्ट्राने जीव ओवाळून टाकला. परंतु वर्गातील एखादा मुलगा मृदू बोलला किंवा वेगळ्या ढंगाने चालला, तर त्याची टवाळी होते आणि तो शाळा सोडतो. रंगमंचावर आणि देवळात जागा, परंतु बाकावर आणि ग्रामसभेत नाही, असा हा व्यवहार आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथी व्यक्तींना आपली लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळण्यात आले. २०१९ च्या अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखीचे प्रमाणपत्र मिळते. पंचायत राज्यातही याचे पडसाद उमटले. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्याच्या तरंगफळ गावाने २०१७ साली ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवारास सरपंचपदी निवडून दिले. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे अंजली पाटील यांचा महिला प्रभागातील अर्ज प्रथम नाकारला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना स्त्री म्हणून निवडणूक लढविण्यास मुभा दिली आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या निवडून आल्या. मतदारांना जे अवघड वाटले नाही, ते अर्जातील एका रकान्यास अवघड वाटले होते, ही बाब प्रत्येक कार्यालयाने ध्यानी घ्यावी अशी आहे.

शाळा, पंचायत आणि कार्यालय

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातील पुरुषांत साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८७ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ६९ टक्के होते. हे अंतर मुलींच्या बुद्धीचे नाही. घरात आधी कोणाची वही घ्यावयाची, या रीतीचे आहे.

जिल्ह्यात बंजारा समाजाचे तांडे आहेत, आंध आदिवासींची गावे आहेत. १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो पुसला गेला. कायद्याने पुसलेला शिक्का गावाच्या नजरेतून मात्र सहजी जात नाही. तांड्यावरील मूल घरी गोरमाटी बोलते आणि शाळेत प्रमाण मराठी ऐकते. पाठ्यपुस्तकाची भाषा ज्याच्या घरी बोलली जाते, त्याला अर्धा धडा न शिकताच येतो. त्यास हुशार म्हटले जाते. दुसरे मूल एकाच वेळी भाषाही शिकते आणि धडाही. त्यास मंद ठरविले जाते. या ठिकाणी शिक्षकाचा एक शब्द मुलाचे आयुष्य घडवू वा बिघडवू शकतो. वर्ग झाडावयास कोणास सांगितले जाते, पाणी कोणाच्या हातचे चालते, पाहुण्यांचे स्वागत कोणाच्या हस्ते होते, याची महिनाभर नोंद ठेवली तरी वर्गातील मानाची यादी आपोआप तयार होईल.

पंचायतीत २०११ पासून स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. तथापि सरपंचाच्या खुर्चीशेजारी तिच्या पतीची खुर्ची मांडली जाते आणि निर्णय दुसऱ्या खुर्चीतून होतो, अशा तक्रारी होत असतात. निवडून आलेल्या स्त्रियांच्या कामात नातेवाइकांनी हस्तक्षेप करू नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. ती सभा प्रत्यक्ष झाली की केवळ सह्यांपुरती झाली, हे पाहणे ग्रामपंचायत अधिकारी व सदस्य यांचे कर्तव्य ठरते.

कार्यालयात येणारा प्रत्येक अर्जदार कायद्यापुढे सारखा असतो. परंतु एकास 'या, बसा' म्हटले जाते आणि दुसऱ्यास दाराबाहेर थांबविले जाते. एकास 'अहो' आणि दुसऱ्यास 'अरे' म्हटले जाते. यासाठी कोणतेही परिपत्रक निघालेले नसते. म्हणूनच केवळ परिपत्रक काढून ते थांबणार नाही. खुर्चीवरील माणसाने ते स्वतः थांबवावे लागेल.

मान मिळाला म्हणून कोणी अपराधी ठरत नाही. जन्म कोणाच्याच हाती नसतो. आपल्या हाती असलेल्या नोंदवहीचे, वर्गाचे आणि सभेचे मात्र प्रत्येकास उत्तरदायित्व असते. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तीन बाबी घेता येतील: घरांच्या नोंदी पती-पत्नी दोघांच्या नावे करणे, विधवा प्रथा बंदीचा ठराव करणे आणि वस्तीचे नवे नाव बोलण्यात रूढ करणे. या तिन्ही गोष्टींस निधी लागत नाही आणि वरिष्ठांच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. पुढची जागा आजवर आपोआप मिळाली, त्यांनी दोन पावले सरकून इतरांना शेजारी बसू देणे, एवढीच याची सुरुवात आहे.